दुपारचं प्रॅक्टिकल

आप्पांनी खिशातून छोटी डायरी काढली आणि समोरच्या बाजूची एक रांग मोजायला घेतली. चाळीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलेला माणूस. गर्दी दिसली की अंदाज बांधल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एका रांगेत माणसं किती, अशा रांगा किती, मधे मोकळ्या किती, सगळं मांडून झाल्यावर म्हणाले, "बारा हजार धर. तेही हात सैल सोडून." मग मान वळवून त्यांनी सगळं मैदान नजरेखालून घातलं. दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर ताडपत्री ओढलेली. वरचा मजला जवळजवळ मोकळा. "आणि मावतात किती?"

मी म्हटलं, "आता सत्तेचाळीस हजार. बांधलं तेव्हा सत्तर हजार मावत होते."

"आणि विद्यापीठात पोरं किती?"

"पदवीची साडेचार हजारांच्या आसपास."

आप्पांनी डायरी मिटली. ह्यूस्टनचा सप्टेंबर, संध्याकाळचे साडेसहा, आणि अंगातून धारा. खाली राइस विद्यापीठाची निळ्या-करड्या कपड्यातली मुलं दर पाच मिनिटांनी मागे रेटली जात होती. आप्पांना या अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन एकमेकांना रेटत पुढं जायच्या खेळाचे, नियम कळत नव्हते, पण मिरजेच्या तालमींतून कुस्त्या बघत वाढलेल्या माणसाला कोण कोणाला रेटतंय हे कळायला नियम लागत नाहीत. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, ही अभ्यासू पोरं दिसतात गं. मग खेळतात कशाला यांच्याशी?"

मी दचकले. कारण हाच प्रश्न याच मैदानात, याच महिन्यात, अशाच उकाड्यात आधी एकदा विचारला गेलाय, आणि तो विचारणारा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता.

१२ सप्टेंबर १९६२. समोर चाळीसेक हजार लोक बसलेले, आणि जॉन केनेडी चंद्रावर माणूस पाठवायचं समजावून सांगत होते. चंद्रच का, असं लोक विचारतात, मग सर्वांत उंच शिखर का चढायचं, पस्तीस वर्षांपूर्वी अटलांटिक विमानानं का ओलांडला, असं म्हणत म्हणत ते थांबले आणि विचारलं, "राइस टेक्सासशी का खेळतं?" टेक्सास म्हणजे त्याच राज्यातलं बलाढ्य टेक्सास विद्यापीठ. मैदान हसून उसळलं. टाइप केलेल्या भाषणात हे वाक्य नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या हातानं मधे लिहून घातलं होतं. चंद्रावर जायचंय ते सोपं आहे म्हणून नव्हे, अवघड आहे म्हणून, हे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य त्याच्या पाठोपाठ येतं. मधलं राइसचं वाक्य मात्र ह्यूस्टनबाहेर फारसं कुणाला आठवत नाही.

पुढची गोष्ट मी आप्पांना सामना चालू असतानाच सांगितली. त्या भाषणानंतर दीड महिन्यानं टेक्सासचा संघ देशात पहिल्या क्रमांकावर असताना राइसशी खेळला, आणि सामना १४-१४ असा बरोबरीत सुटला. आप्पांनी पुन्हा डायरी काढून त्यात ते आकडे लिहून घेतले.

गेली अठरा वर्षं मी या विद्यापीठाच्या समोर नोकरी करते. मेन स्ट्रीटच्या एका बाजूला टेक्सास मेडिकल सेंटरच्या इमारती, तिथल्या एका प्रयोगशाळेत मी रक्ताचे नमुने तपासते. रस्ता ओलांडला की राइस. विद्यापीठाभोवती ओकच्या झाडांखालून तीन मैलांची मातीची वाट आहे, कामाची पाळी संपली की मी तिथून एक फेरी मारते. त्या वाटेवरून हे मैदान दिसतं. तेव्हा हा प्रश्न मला बाहेरचा वाटत नाही. अमेरिकेत तो दर हंगामात उठतो: ज्यांचं नाव अभ्यासासाठी, अशा विद्यापीठांनी फुटबॉलच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये राहावं का? राइस, नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट, स्टॅनफर्ड, ड्यूक यांचं तिथं काय काम? कुणी म्हणतं, हे दुसऱ्याच्या पंगतीत जाऊन बसणं झालं. कुणी म्हणतं, यांनी स्वतःच्या अब्रूसाठी बाहेर पडावं.

कॉन्फरन्स म्हणजे काय, हे मिरजेतल्या माणसाला सांगायचं तर आठ-दहा ते अठरा विद्यापीठांचा एक गोतावळा. आपसात सामने ठरवायचे, नियम एक ठेवायचे आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे. पूर्वी हा गोतावळा नकाशावर एकमेकांशेजारी असायचा. आता पैसा नेईल तिकडे जातो. बिग टेन या कॉन्फरन्सनं २०२२ साली केलेला टीव्हीचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. एवढी रक्कम मधे आली की शेजारधर्म मागे पडतो.

राइसनं हे फार आधी भोगलंय. १९१२ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ. १९६५ पर्यंत इथं फीच नव्हती, गुणवत्तेवर प्रवेश मिळाला की शिक्षण फुकट. पहिले अध्यक्ष गणिती होते. आणि असं असून फुटबॉल पहिल्यापासून होता. ज्यांच्या नावाची हाइझमन ट्रॉफी आज विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळते, त्या जॉन हाइझमन यांची प्रशिक्षक म्हणून शेवटची नोकरी राइसमध्येच, १९२४ ते २७. पुढे १ जानेवारी १९५४ ला कॉटन बोल या मानाच्या सामन्यात राइसची गाठ अलाबामाशी पडली. राइसचा डिकी मेगल चेंडू घेऊन कडेनं सुसाट निघाला, पुढं कुणी नव्हतं, आणि अलाबामाचा टॉमी लुइस, जो त्या वेळी खेळतही नव्हता, बाकावरून उठून मैदानात घुसला आणि त्यानं मेगलला पाडलं. पंचांनी पंच्याण्णव यार्डांची ती धाव पूर्ण धरून गुण दिले. राइस २८-६ नं जिंकलं. आप्पांना ही गोष्ट अतोनात आवडली. "बाकावरून उठून?" त्यांनी दोनदा विचारलं. घरी येताना गाडीतही एकदा.

मग राइस आणि टेक्सास जिच्यात होते ती साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली. टेक्सास आणि आणखी तिघे नव्या बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. राइसला कुणी बोलावलं नाही. त्या जुन्या कॉन्फरन्सचा अगदी शेवटचा सामना २ डिसेंबर १९९५ ला याच मैदानावर झाला, आणि शेजारच्या ह्यूस्टन विद्यापीठानं राइसला १८-१७ असं हरवलं. ऐंशी वर्षांचं नातं एका गुणानं संपलं. नंतर राइस या कॉन्फरन्समधून त्या कॉन्फरन्समध्ये हिंडत राहिलं. २००४ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीकडून अहवाल मागवून विश्वस्तांनी फुटबॉल ठेवायचा की नाही याचा विचारही केला. ठेवायचा ठरला.

बंद करण्याचा विचार हास्यास्पद नव्हता. तो आधी एका मोठ्या विद्यापीठानं करून, अमलात आणून दाखवलेला आहे, आणि त्या जागी मी जाऊन आले आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी कामानिमित्त शिकागोला गेले होते. शिकागो विद्यापीठात रेगेन्स्टाइन नावाचं ग्रंथालय आहे, करड्या दगडाचं, किल्ल्यासारखं. बाहेर झाडाखाली थांबून मी नकाशा बघत होते, कारण मला माहीत होतं की ही जागा पूर्वी फुटबॉलचं मैदान होती. शिकागो हे बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. एमॉस अलॉन्झो स्टॅग हे तिथले प्रशिक्षक, १८९२ पासून १९३२ पर्यंत, एकाच जागी चाळीस वर्षं. हाइझमन ट्रॉफीचा पहिला मानकरी, १९३५ सालचा जे बरवँगर, शिकागोचाच. ती ट्रॉफी पुढे त्याच्या मावशीच्या घरी दार अडवायला वापरत, असं सांगतात. पण स्टॅग गेल्यावर संघ ढासळला. १९३९ मध्ये मिशिगननं त्यांना ८५-० असं हरवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहानं विद्यापीठानं फुटबॉल बंद केला, आणि १९४६ मध्ये बिग टेन सोडली.

मैदान रिकामं राहिलं. त्याच्या पश्चिमेच्या प्रेक्षागाराखाली रॅकेट खेळायची एक खोली होती. तिथं २ डिसेंबर १९४२ ला एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. आता त्या जागी हेन्री मूर यांचं ब्राँझचं शिल्प आहे. शेजारी ग्रंथालयात मुलं माना खाली घालून वाचत बसलेली असतात. तिथं उभं राहिलं की हचिन्स यांच्याशी भांडायचं धैर्य होत नाही. फुटबॉलच्या जागी ग्रंथालय: एवढं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या विद्यापीठानं दिलं नाही. मी हात लावला त्या शिल्पाला. थंडगार होतं. आणि तरीही परतताना मला वाटत राहिलं, यातलं काहीतरी मला पटत नाही. काय, ते सांगायला मला मिरजेत परत जावं लागेल.

मी खो-खो खेळायचे. आमच्या भागात खो-खो म्हणजे काय, हे सांगली-साताऱ्याकडच्या कुणालाही विचारा. मी पळतीला चांगली होते. साखळी पळताना बसलेल्या गड्यांच्या मधून जाताना वेग तसाच ठेवायचा आणि खांबाजवळ आल्यावर शेवटच्या क्षणी अंग चोरायचं, हे मला न शिकवता यायचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या निवड शिबिराला माझं नाव आलं. कोल्हापूरला दहा दिवस. नेमकं त्याच आठवड्यात रसायनशास्त्राचं अंतर्गत प्रॅक्टिकल लागलं, दुपारी दोनला.

मी विभागात गेले. हातात शिबिराचं पत्र होतं. म्हटलं, "सर, माझं प्रॅक्टिकल चार दिवस आधी घ्या, नाहीतर नंतर घ्या. पाहिजे तर दोन्ही बॅचच्या आधी सकाळी सातला येते." सरांनी पत्र वाचलंही नाही. म्हणाले, "खेळायचंच होतं तर सायन्सला कशाला आलीस? एक काहीतरी निवड."

त्या दिवशी दुपारी दोनला मी ब्युरेटसमोर उभी होते. फ्लास्कमध्ये फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. डाव्या हातानं नळी सोडायची, उजव्या हातानं फ्लास्क हलवत राहायचा. एकेक थेंब पडतो, गुलाबी होतो, विरतो. पडतो, विरतो. मग एक थेंब पडतो आणि गुलाबी तसाच राहतो. मला तेव्हा घड्याळ दिसत होतं, आणि कोल्हापुरात आता पहिला डाव लागला असेल, एवढंच डोक्यात होतं. मला त्या प्रॅक्टिकलला पन्नासपैकी सत्तेचाळीस मिळाले. खो-खो मी परत खेळले नाही.

त्या विषयावरच माझं पोट चाललंय आणि मला तो विषय मनापासून आवडतो. रसायन निवडल्याचं दुःख नाही. निवड करायला लावली, ती सल गेली नाही. आजही प्रयोगशाळेतल्या खालच्या कप्प्यातून काही काढायचं असलं की मी पाटीवर बसल्यासारखी बसते, एक पाय पुढे, टाच उचललेली, आणि बरोबरची मुलं विचारतात, अशी का बसतेस?

म्हणून २०१४ साली केन कोल्टर या मुलाची साक्ष वाचली तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठू शकले नाही. कोल्टर हा नॉर्थवेस्टर्नचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारा खेळाडू. नॉर्थवेस्टर्न, म्हणजे शिकागोच्या उत्तरेला, तळ्याकाठचं, बिग टेनमधलं त्या काळचं एकमेव खासगी विद्यापीठ, आणि अभ्यासात अव्वल. या मुलाला हाडांचा डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी रसायनशास्त्राचा एक वर्ग घ्यावा लागणार होता, आणि त्या वर्गाची वेळ फुटबॉलच्या सरावाशी जुळत नव्हती. वर्ग मागे पडला, डॉक्टरकी सुटली, तो मानसशास्त्राकडे वळला. खेळाडूंना कामगार मानून संघटना करू द्यावी, यासाठी त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी लढा दिला होता आणि त्या सुनावणीत हे त्यानं शपथेवर सांगितलं.

रसायनशास्त्र. सरावाची वेळ. माझ्याकडे खेळ सुटला, त्याच्याकडे अभ्यास. बाकी गोष्ट तीच.

कामगार मंडळाच्या शिकागोतल्या अधिकाऱ्यांनी मार्चमध्ये निकाल दिला की ही मुलं कामगारच आहेत. निकालपत्रात तासांचा हिशेब होता: हंगामाआधीच्या शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास, हंगामात ४० ते ५०. मुलांनी मतदानही केलं. वर्षभरानं, ऑगस्ट २०१५ मध्ये, वॉशिंग्टनच्या मंडळानं या भानगडीत हातच घालायचा नाही असं ठरवलं, आणि ती मतं कधी मोजलीच गेली नाहीत. एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: त्याच नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल संघातली ९७ टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडत होती. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. पदवी मिळत होती. कुठली पदवी घ्यायची हे ठरवायला मात्र सरावाचं वेळापत्रक बसलेलं होतं.

माझं म्हणणं इथं आहे. अभ्यासू विद्यापीठं मोठ्या कॉन्फरन्समध्ये शोभतात की नाही, हा प्रश्न लोक सामन्याच्या निकालावरून सोडवतात. हरले की म्हणतात, जा घरी. नॉर्थवेस्टर्न १९७९ ते १९८२ सलग ३४ सामने हरलं तेव्हा हेच म्हटलं गेलं. मग १९९५ मध्ये तेच विद्यापीठ बिग टेन जिंकून रोज बोल या मानाच्या सामन्याला गेलं तेव्हा सगळे गप्प झाले. मला हा मापदंडच चुकीचा वाटतो. मी वेळापत्रक बघेन. संघातल्या मुलाला दुपारी दोनचं प्रॅक्टिकल करता येतं का? येत असेल तर ते विद्यापीठ ८५-० नं हरो, ते तिथं शोभतं, आणि त्यानं तिथंच राहावं. येत नसेल तर दहा सामने जिंकूनही ते तिथं उपरं आहे.

हचिन्स यांचं मला पटत नाही ते यामुळेच. त्यांनी प्रश्न मोडीत काढला. माझ्या सरांचंच वाक्य त्यांनी संपूर्ण विद्यापीठाला ऐकवलं: एक काहीतरी निवड. शिकागोनं १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला, पुढे तिसऱ्या श्रेणीत, शिष्यवृत्त्यांशिवाय, ते मला त्यांच्या बंदीपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि बाहेर पडणाऱ्यांत सगळेच हरल्यामुळे लहान झाले असंही नाही. टेनेसीच्या डोंगरातलं सेवानी हे चिमुकलं विद्यापीठ, १८९९ साली सहा दिवसांत पाच सामने जिंकलेलं, पुढं एसईसी या दांडग्या कॉन्फरन्सचं संस्थापक सदस्य झालं, तिथं एकही कॉन्फरन्सचा सामना जिंकू शकलं नाही आणि १९४० मध्ये बाजूला झालं. आपली ताकद ओळखून उठणं यात कमीपणा नाही. टुलेनही १९६६ मध्ये तिथून निघालं.

व्हँडरबिल्ट राहिलं. एसईसीतलं एकमेव खासगी विद्यापीठ, नॅशव्हिलमधलं. वर्षानुवर्षं तळाला. ५ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी मी घरी पोळ्या लाटत होते आणि टीव्ही चालू होता. समोर अलाबामा, देशात पहिल्या क्रमांकावर. देशातल्या पहिल्या पाचांत असलेल्या संघाला व्हँडरबिल्टनं त्याआधी कधीच हरवलं नव्हतं. साठ वेळा प्रयत्न, साठही वेळा हार. तिसऱ्या-चौथ्या पोळीनंतर मी तवा खाली उतरवला. ४०-३५. पोरं मैदानात उतरली, गोलपोस्ट उपटले, खांद्यावर घेतले आणि गावातून, ब्रॉडवेवरून, गाण्याच्या बारसमोरून सुमारे तीन मैल चालत नेऊन कंबरलँड नदीत सोडले. अनंत चतुर्दशीला मिरजेत रात्रभर चालणारी मिरवणूक जिनं बघितली आहे, तिला ते दृश्य परकं कसं वाटेल? विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड झाला. त्या मुलांच्या चेहऱ्यांवर जे होतं ते ग्रंथालयात मिळत नाही. ग्रंथालयात मिळतं ते इथं मिळत नाही. दोन्ही एकाच वयात लागतं.

पण मला त्या रात्री एक काटा टोचत होता, तोही सांगते. तो सामना जिंकून देणारा डिएगो पाविया हा मुलगा त्याच वर्षी न्यू मेक्सिको स्टेटमधून आला होता, आणि त्याच्याबरोबर तिथले प्रशिक्षक आणि खेळाडूही आले होते. नियम बदललेत, आता खेळाडू दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतात. जून २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पैसे मिळाले हे योग्यच झालं. ज्यांच्या घामावर अब्जावधींचे करार होतात त्यांना कोरड्या शिष्यवृत्तीवर ठेवणं अन्याय होता, आणि कोल्टरची लढाई इथवर आली याचा मला आनंद आहे. पाविया जिद्दीचा मुलगा, गरीब घरातून वर आलेल्या पोरासारखा खेळतो. पुढच्या वर्षी व्हँडरबिल्टनं इतिहासात पहिल्यांदा दहा सामने जिंकले ते त्याच्यामुळेच. मला काळजी वेगळी आहे. वर्षभरासाठी आलेला मुलगा कुठल्या प्रॅक्टिकलला बसणार? त्याला कुणी विचारणार तरी का, की तुला काय शिकायचंय? पैसा हातात पडला की आता तासांचा हिशेब कुणी मांडत नाही, आणि माझ्या लेखी खरं मोजमाप तासांचंच आहे.

स्टॅनफर्डचं तर मला वाईट वाटतं. पश्चिमेची जुनी कॉन्फरन्स २०२३ मध्ये फुटली, मोठे मासे बिग टेनमध्ये गेले, आणि स्टॅनफर्ड नि बर्कली यांना अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये जाऊन बसावं लागलं, तेही टीव्हीच्या पैशातला कमी वाटा पत्करून. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांचा त्या कॉन्फरन्समधला पहिला सामना सिराक्यूजला होता, न्यूयॉर्क राज्यात, शुक्रवारी रात्री. नकाशा उघडून बघा: तीन कालविभाग ओलांडून. सामना त्यांनी जिंकला. पण शुक्रवारी खेळायचं म्हणजे गुरुवारी निघायचं, म्हणजे गुरुवार-शुक्रवारचे वर्ग गेले. फुटबॉलवाले निदान आठवड्यातून एकदाच खेळतात, बाकीच्या खेळांतल्या मुलांचं काय, हा विचार मोठ्या लोकांनी करारावर सही करताना केला असेल असं मला वाटत नाही.

त्या बाकीच्या खेळांसाठीच तर ही सगळी धडपड, असं विद्यापीठं सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. २०२० मध्ये स्टॅनफर्डनं खर्च झेपत नाही म्हणून अकरा खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात कुस्ती होती. पुढच्या मार्चमध्ये शेन ग्रिफिथ हा त्यांचा मल्ल राष्ट्रीय स्पर्धेला उतरला, अंगावर काळा लंगोटी-पोशाख, त्यावर विद्यापीठाचं नाव नाही, चिन्ह नाही. आणि तो जिंकला, राष्ट्रीय विजेता झाला. दोन महिन्यांनी विद्यापीठानं अकराही खेळ परत घेतले. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते डायरीत काही लिहिणार असं मला वाटलं, पण त्यांनी पेन खिशातच ठेवलं. "नाव नसलेला लंगोट," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, तालमीतून उठवून गिरणीत कामाला लावले होते. ते आमच्या घरात कुणी बोलत नाही.

त्या संध्याकाळी राइस हरलं. शेवटच्या दहा मिनिटांत बरेच लोक उठून गेले. आम्ही बसून राहिलो, कारण आप्पांना बँड बघायचा होता. राइसचा बँड शिस्तीत चालत नाही, तो इकडून तिकडे पांगतो आणि मग मधेच एक आकार तयार होतो. आप्पा म्हणाले, "लेझीम चुकल्यावर पोरं करतात तसं." पण मनापासून टाळ्या वाजवल्या. मिरजेला परत गेल्यावर दर रविवारी फोनवर विचारतात, "आपल्या राइसचं काय झालं?"

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगा येतो, शिकाऊ म्हणून. खेळाडू आहे, विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला, उंच, दारातून येताना मान किंचित वाकवणारा. त्याला वैद्यकीय महाविद्यालयात जायचंय आणि त्याच्या अर्जासाठी प्रयोगशाळेतले तास लागतात. पहिल्या दिवशी तो दारातच म्हणाला, सरावामुळे दुपारी येता येणार नाही, तेव्हा तुमच्या वेळेत बसत नसेल तर राहू दे, मी समजू शकतो. तो इतक्या सवयीनं बोलला की आधी चार ठिकाणी हेच बोलून आला असणार.

मी वेळापत्रक काढलं. आमची पहिली पाळी सकाळी सातला लागते. मंगळवार आणि गुरुवारी मी साडेपाचला येते, दिवे लावते, सेंट्रिफ्यूज सुरू करते. पावणेसहाला तो येतो. बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली असते, त्यावर हातमोजा चढवायला त्याला वेळ लागतो. पिपेट धरताना त्याचा अंगठा थरथरतो, आदल्या दिवशीच्या सरावात मुरगळलेला असतो. घाई करू नकोस, म्हणते मी, थेंब आपोआप सुटतो.